पेलेटची शेगडी धूर करतेय? फॅन बदलण्याआधी भोकं बघा

हा या एपिसोडचा लिखित मजकूर. भिवपुरी रोडच्या पुढे ज्यांचं नेटवर्क जातं त्यांच्यासाठी, आणि ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठीही. बोलतानाचे माझे 'अं... म्हणजे' काढलेत, बाकी जसंच्या तसं ठेवलंय.

आजचा विषय शेगडी. गॅसची नाही, पेलेटची. ज्यांनी बघितली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. लाकडाचा भुसा, भाताचं तूस, शेंगांची टरफलं, असलं काहीही बारीक करून मशीनमध्ये जोरात दाबलं की खडूच्या तुकड्यांसारख्या कांड्या निघतात. ते पेलेट. याचाच मनगटाएवढा जाड प्रकार म्हणजे कारखान्यांच्या बॉयलरमध्ये जातो तो पांढरा कोळसा. पेलेट जाळायची घरगुती शेगडी साधारण स्टीलच्या डब्याएवढी असते. मध्ये गोल भांडं, खाली छोटा फॅन, फॅनला बॅटरी.

युरोप-अमेरिकेत पेलेट स्टोव्ह म्हटलं की हॉलमध्ये ठेवलेलं, काचेचा दरवाजा असलेलं, खोली गरम करणारं कपाट डोळ्यांसमोर येतं. ते यंत्र स्वतःच स्क्रू फिरवून पेलेट आत ओढतं. आपल्याकडे त्याची गरज कोणाला? माथेरान आपल्याच कर्जत तालुक्यात आहे, पण तिथेही जानेवारीत शालीवर भागतं. आपली पेलेट शेगडी स्वयंपाकाची. पण दोन्हींचं दुखणं एकच आहे, आणि आज त्याबद्दलच बोलायचंय.

गेल्या जुलैमध्ये आत्याचा फोन आला. "अरे, ती तुझी पंख्याची शेगडी बघ बाबा येऊन. नुसता धूर ओकतेय."

'तुझी', कारण घे म्हणून मीच मागे लागलो होतो. आत्या कडावच्या बाजूला राहते. शनिवार-रविवार फार्महाऊसवर मुंबईची मंडळी येतात, त्यांच्या जेवणाच्या ऑर्डरी घेते. तांदळाची भाकरी, गावठी कोंबडीचा रस्सा, भात. घरात गॅस आहे. पण तीस माणसांचं जेवण सिलिंडरवर केलं तर हातात काय उरणार, हा तिचा हिशोब. लाकडाच्या चुलीवर केलं तर रविवारी रात्रभर खोकला. म्हणून मधला मार्ग पेलेटची शेगडी. कुठल्या कंपनीची ते सांगत नाही, कारण चूक तिची नव्हतीच. माझी होती.

मी शुक्रवारी रात्रीच्या कर्जत लोकलने निघालो. बॅगेत मल्टिमीटर, नवा फॅन, नवी बॅटरी. इंजिनिअर ना! जिथे वायर दिसते तिथेच बिघाड असणार, असं आम्हाला वाटतं. शनिवारी सकाळी फॅन बदलला. धूर तसाच. बॅटरी बदलली. धूर तसाच. व्होल्टेज मोजलं, बरोबर. मी स्विचवर संशय घेत बसलो. रविवारी दुपारी आत्याने मला बाजूला केलं, आतलं भांडं काढून अंगणात उपडं आपटलं, उजेडात धरलं आणि म्हणाली, "याची भोकं दिसतच नाहीत की रे."

दिसत नव्हतीच. दीड दिवस गेला, आणि जुना फॅन ठणठणीत होता.

आता हे का झालं ते समजून घेऊ. शेगडीचं काम कळलं की साफसफाई पाठ करावी लागत नाही.

लाकूड जळतं असं आपण म्हणतो, पण ज्वाळा दिसते ती लाकडाची नसते, वायूची असते. लाकूड तापलं की त्यातून वायू सुटतात, ते हवेत मिसळून पेट घेतात. उरतो तो कोळसा, तो ज्वाळेशिवाय लाल होऊन जळतो. साध्या चुलीत हे सगळं एकाच वेळी, जमेल तसं चालू असतं. बरेचसे वायू पेट न घेताच वर निघून जातात. तोच धूर. म्हणजे डोळ्यांत जातंय ते न जळलेलं इंधन.

पेलेटच्या शेगडीत हवेचे दोन रस्ते केलेले असतात. खालची हवा जाळीतून पेलेटमध्ये शिरते आणि त्यांना हळूहळू शिजवते, वायू बाहेर काढते. वरची हवा दोन भिंतींच्या मधून वर चढते आणि तोंडाजवळच्या भोकांच्या कड्यातून आत घुसते. वायू तिथे पकडून जाळायचे. म्हणून ही शेगडी वरून पेटवतात. आग वरून खाली सरकते आणि वायूला ज्वाळेतूनच बाहेर पडावं लागतं. चाळीत राहिलेल्या आजी-आजोबांना भुशाची शेगडी विचारा. मध्ये बाटली उभी धरून भोवती भुसा ठासायचा आणि बाटली अलगद ओढून काढायची, की हवेला बोगदा तयार. पेटवायची पद्धत वेगळी, पण मुद्दा तोच. इंधन घरात भरपूर असतं, हवा कुठून जाणार ते ठरवावं लागतं.

आता समजा खालच्या जाळीत राख बसली. वायू कमी सुटतो, आग मंद, भाताला दुप्पट वेळ. आणि वरची भोकं बुजली? वायू सुटतोय, पण जाळायला हवा नाही. मग धूर. आत्याच्या शेगडीत दोन्ही झालं होतं. तिने फॅनचं बटण मोठ्यावर ठेवून बघितलं, मीही तेच केलं. बुजलेल्या गटारावर मोटर लावण्यातला प्रकार.

राख इतकी आली कुठून? इथे मला खरी गंमत कळली. आधी ती लाकडाच्या भुशाचे पेलेट आणायची. मग खोपोलीच्या बाजूने एक गोणी स्वस्तात मिळाली, ती तुसाची. चांगल्या लाकडी पेलेटची राख वजनाच्या एक टक्क्याच्याही आत असते. उत्तम दर्जाच्या पेलेटसाठी आंतरराष्ट्रीय मानकात 0.7 टक्क्यांची मर्यादा आहे. भाताच्या तुसात राख 15 ते 20 टक्के! गणित करा. एका वेळी 600 ग्रॅम पेलेट भरले तर लाकडाचे चार ग्रॅम राख देतील, चमचाभर. तुसाचे शंभर ग्रॅम. दिवसातून दोनदा पेटवली तर महिन्याला सहा किलो. शेगडी तीच, फॅन तोच, फक्त इंधन बदललं, आणि आठवड्यातून एकदा झटकणं पुरत होतं ते आता दर वेळी करायला हवं होतं. हे तिला कोणी सांगितलं नाही. गोणी विकणाऱ्याने नाही आणि मीही नाही.

तुसाच्या राखेत जवळजवळ सगळी सिलिका असते, म्हणजे वाळूत असते तीच. नुसत्या तुसाची राख सहसा वितळत नाही, हलकी आणि भुसभुशीत राहते, झटकली की पडते. पण पेंढा, गवत, खळ्यातली माती मिसळली की त्यातल्या पोटॅशियममुळे राख कमी तापमानाला वितळते आणि थंड झाल्यावर काचेसारखी चिकटून बसते. आत्याच्या जाळीवर असे हिरवट-काळे खडे होते. ते ब्रशने निघत नाहीत. लाकडी मुठीने हलके टोले दिले की सुटतात. छिन्नी लावू नका, आतली मातीची भिंत तडकते आणि ती पुन्हा बसवणं हे घरचं काम नाही.

मग साफ कसं करायचं? आधी शेगडी पूर्ण थंड होऊ द्या. आत्या रात्री वापरते, सकाळी साफ करते, हे बरं. आतलं भांडं निघत असेल तर काढा, उपडं करून झटका. जाळी सूर्याकडे धरून आरपार बघा. जितकी भोकं तितके उजेडाचे ठिपके दिसले पाहिजेत. बुजलेलं भोक मोकळं करायला सायकलच्या चाकाची जुनी तार एकदम मापाची. वरच्या कड्यातली भोकं तारेने बाहेरून आत ढकला, नाहीतर काजळी दोन भिंतींच्या फटीत पडते आणि तिथेच साठते. फॅनवर रंगाचा कोरडा ब्रश फिरवा, पात्यांवर राखेचा थर असेल तर निघून जाईल. पाणी कुठेच नाही. ओल्या फडक्याने बाहेरचा पत्रा पुसा, पण आत पाणी घातलं की राखेचा चिखल होतो आणि तो भोकांत जाऊन वाळतो. आत्याने मे महिन्यात शेगडी 'स्वच्छ धुतली' होती. अर्धी भोकं तेव्हाच गेली असावीत.

साफ झाली की नाही हे भांड्याच्या बुडावरून ओळखा. गावाकडे चुलीवर भांडं चढवण्याआधी बुडाला बाहेरून राख कालवून फासतात, म्हणजे काजळी धुताना सहज निघते. पेलेटच्या शेगडीवर दोन-तीन दिवस तसं न करता बघा. बूड तपकिरी झालं तर ठीक. काळंकुट्ट, बोटाला लागणारी काजळी आली तर वरची हवा कमी पडतेय. आम्ही सर्व्हरचे लॉग वाचतो ना, तसा हा शेगडीचा लॉग.

कधी कधी भोकं मोकळी असूनही धूर येतो. तेव्हा दोन गोष्टी बघा. पेलेट वरच्या भोकांपर्यंत भरलेत का? त्यांच्या खाली दोन बोटं जागा हवी. आणि मध्येच वरून मूठभर पेलेट टाकलेत का? लाल निखाऱ्यावर थंड पेलेट पडले की एकदम वायू सुटतो आणि तेवढा जाळायला वरची ज्वाळा शिल्लक नसते. या शेगडीत एकदा भरायचं, एकदा पेटवायचं, तासभराचा स्वयंपाक उरकायचा. चुलीसारखं 'एक लाकूड सरकव' इथे चालत नाही. आत्याला सगळ्यात जास्त राग याच गोष्टीचा आहे, आणि तो मला पटतो. रस्सा ऐन उकळीला आला की शेगडी विझते. तिने त्यावर उपाय काढलाय, दोन शेगड्या. एक संपत आली की दुसरी पेटवायची.

आता पाऊस. आपल्याकडचा पाऊस काय चीज आहे ते कर्जत-खालापूरवाल्यांना सांगायला नको, भिंतीला हात लावला तर हात ओला होतो. पेलेटमध्ये सहसा डिंक वगैरे घालत नाहीत. दाबताना ते तापतात आणि लाकडातलंच लिग्निन मऊ होऊन सगळं धरून ठेवतं. पाण्याशी या गोंदाचं जमत नाही. एक पेलेट वाटीभर पाण्यात टाकून बघा, थोड्या वेळात फुगून पुन्हा भुसा होतो. दमट हवेत हेच होतं, फक्त हळूहळू. चांगला पेलेट मोडताना टक् आवाज येतो. दमट पेलेट बोटांत चुरडतो. हा चुरा शेगडीत गेला की पेलेटच्या मधल्या फटी भरतात. म्हणजे भोकं साफ, तरी हवा बंदच. आत्याची गोणी पडवीत जमिनीवर होती. आता झाकणाचं प्लॅस्टिकचं पिंप आहे, खाली फळी, आणि भरण्याआधी पेलेट गव्हाच्या चाळणीतून काढायचे. चुरा बंबात. (बंबाला काहीही चालतं. त्याच्यावर एक वेगळा एपिसोड करायचाय.)

आता त्या शनिवारच्या संध्याकाळकडे येतो. खरं तर हा एपिसोड मी त्याच्यासाठीच केला.

पाऊस पडवीत आडवा येत होता, म्हणून आम्ही शेगडी आत स्वयंपाकघरात घेतली. झड आत येते म्हणून खिडकी लावली, दार लोटलं. धुरातच कसाबसा स्वयंपाक झाला. मग ज्वाळा गेली, धूरही गेला. आत नुसते लाल निखारे. आत्या म्हणाली, राहू दे, रस्सा गरम राहील. मीही म्हटलं, बरं झालं, धूर थांबला. अर्ध्या तासाने ती म्हणाली, डोकं जड झालंय, मळमळतंय. मी म्हटलं, सकाळपासून उभी आहेस, बस जरा. माझंही डोकं ठणकत होतं, मला वाटलं धुरामुळे. तेवढ्यात फार्महाऊसचा माणूस डबे न्यायला आला, दार उघडलं, आम्ही तिघं डबे घेऊन बाहेर गाडीपाशी गेलो. पाऊणएक तासात तिला बरं वाटलं. त्या रात्री आम्ही दोघांनीही त्याचा पुढे विचार केला नाही. घरी येऊन शेगडीबद्दल वाचताना माझ्या पोटात गोळा आला.

निखारा जळताना हवा पुरेशी नसेल तर कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, तो डोळ्यांना झोंबत नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनला जितकं धरतं, त्याच्या दोनशेहून अधिक पट घट्ट याला धरून बसतं. म्हणजे श्वास चालू असतो, पण शरीराला ऑक्सिजन पोचत नाही. सुरुवात डोकेदुखी, मळमळ, चक्कर अशीच होते, आणि त्यातच माणसाला झोप आली तर तो उठत नाही. पेलेटच्या शेगडीत शेवटचा टप्पा हा निव्वळ कोळशाचा असतो. धूर दिसत नाही म्हणून तोच आपल्याला सुरक्षित वाटतो. जाळी बुजलेली असेल तर निखाऱ्याला हवा आणखी कमी मिळते. बुजलेल्या भोकांचा आणि आत्याच्या डोकेदुखीचा संबंध असा होता.

म्हणून शेगडी पडवीत किंवा उघड्या ओट्यावरच. पाऊस आत येत असेल तर आडोसा करा, पण शेगडी आत घेऊ नका. घेतलीच तर समोरासमोरचं दार आणि खिडकी उघडी हवी, आणि ज्वाळा गेल्यावर रस्सा बाजूला काढून शेगडी बाहेर. कोणाला तशी डोकेदुखी झाली तर आधी माणसाला मोकळ्या हवेत न्या. शुद्ध हरपत असेल, बोलणं अडखळत असेल तर 108. बरं वाटलं तरी डॉक्टरला दाखवलेलं चांगलं, जे आम्ही केलं नाही.

आणि आपल्या ऐकणाऱ्यांपैकी निम्मे जण कर्जतला कॅम्पिंगला येतात, त्यांच्यासाठी हेच पुन्हा सांगतो. बार्बेक्यूचा कोळसा 'ऊब राहील' म्हणून तंबूत नेऊ नका. चेन थोडी उघडी ठेवली तरी नको. तो निखाराही हेच करतो, आणि तंबू आत्याच्या स्वयंपाकघराच्या पावपटही नसतो.

राखेचं काय करायचं? गरम राख कधीच प्लॅस्टिकच्या पिशवीत किंवा गोणीत नाही. राखेखाली निखारा दुसऱ्या दिवशीही जिवंत असतो, आणि आपल्याकडे घराशेजारी पेंढ्याची उडवी असतेच. पत्र्याचा झाकणाचा डबा, एक दिवस बाहेर, मग वापर. तुसाची राख असेल तर ती भाताच्या रोपवाटिकेत घाला. डॉ. नारायण सावंतांच्या चारसूत्री भातशेतीत तुसाची काळसर राख रोपांच्या गादीवाफ्यात मिसळायला सांगितली आहे, कारण त्यातली सिलिका भाताला हवी असते, काडी दणकट होते. म्हणजे कर्जतच्या भाताचं तूस आत्याच्या शेगडीतून पुन्हा कर्जतच्या भातात. जाळीत अडकलं की कटकट आणि शेतात गेलं की खत.

मागे बऱ्याच जणांनी विचारलं होतं, की इतकी चांगली शेगडी आहे तर सगळीकडे का नाही? ती होती. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत आखलेली 'ऊर्जा' नावाची अशीच फॅनची पेलेट शेगडी 2006 च्या सुमारास बीपी या तेल कंपनीने बाजारात आणली, महाराष्ट्रातही. सुमारे 4 लाख विकल्या गेल्या. पुढे पेलेटला लागणारा शेतीतला कचरा महाग होत गेला, पेलेटचा दर वाढला, आणि घरगुती गिऱ्हाईक मागे पडून धंदा हॉटेलांच्या मोठ्या स्वयंपाकघरांकडे वळला. मग 2016 मध्ये उज्ज्वला योजना आली, सिलिंडर गावोगाव पोचला. माझं मत विचाराल तर शेगडी बनवणं हा यातला सोपा भाग होता. पेलेट वेळेवर, परवडेल अशा दरात मिळणं आणि जाळी साफ करायला कोणीतरी एकदा समोर बसून शिकवणं, हे अवघड. मी आत्याला शेगडी भेट दिली, तेव्हा सोबतचं इंग्रजी माहितीपत्रक टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये गेलं. मीसुद्धा ते वाचलं नव्हतं.

आता शेगडी चालू आहे, जुन्याच फॅनवर. सायकलची तार पडवीतल्या खुंटीला टांगलेली आहे. मागच्या महिन्यात गेलो तेव्हा आत्याने शेजारच्या काकूंना जाळी सूर्याकडे धरून भोकं मोजायला लावली होती. नवा फॅन माझ्या बॅगेत परत आला. कोणाला हवा असेल तर कळवा, 12 व्होल्टचा आहे.